अहिल्या हे नाव

घरातील स्त्रियांची नावे पिढीवार एका कागदावर लिहून काढली, तर त्या कुळाचा नव्हे, पण त्या त्या काळाचा एक लहानसा इतिहास आपोआप तयार होतो. पणजीच्या पिढीत गंगा, भागीरथी, गोदावरी, कृष्णा अशा नद्या वाहत असतात, आणि त्यांच्या काठी रुक्मिणी, सत्यभामा, द्रौपदी, पार्वती या पुराणांतल्या स्त्रिया नांदत असतात. आजीच्या पिढीत कमला, इंदिरा, सुशीला, शांता येतात. त्यांच्या मागोमाग मालती, कुमुदिनी, नलिनी अशी कथा-कादंबऱ्यांच्या पानांतून तोडून आणलेली फुले. आईच्या बरोबरीच्या मंगला, सुनंदा, शोभा. आपल्या बरोबरीच्या संगीता, वर्षा, अर्चना. आणि नातींची नावे तर इतकी आखूड झाली आहेत की हाक मारावयास आरंभ करतो न करतो तोच ती संपून जातात. मुलग्यांच्या नावांतही असे फेरफार होतातच. परंतु आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल असल्यामुळे ती नावे फिरून फिरून घरी येतात. मुलींच्या नावांस असे परतीचे तिकीट सहसा मिळत नाही. जुन्या वंशावळी पाहाव्यात, तर त्यांत पुरुषांच्या नावांची झाडे पसरलेली असतात आणि ज्यांच्या पोटी ती जन्मली त्यांच्या नावांचा मागमूस नसतो. स्त्रीचे नाव टिकायचे ते हाक मारणाऱ्याच्या तोंडीच; ते तोंड मिटले की नावही मिटले.

अशा नावांपैकी एकाविषयी येथे लिहावयाचे आहे. ते नाव म्हणजे अहिल्या. ज्या जिल्ह्यात माझे माहेर व सासर दोन्ही आहेत, त्यास आता हेच नाव मिळाले आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या पाटलाच्या मुलीचे नाव जिल्ह्यास देण्याची घोषणा त्याच गावी ३१ मे २०२३ रोजी झाली, २०२४ च्या मार्चमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने त्यास संमती दिली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ते राजपत्रात उतरले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने वसविलेल्या शहराचे नाव सव्वापाचशे वर्षांनी असे पालटले. इतिहासातील एखाद्या स्त्रीचे नाव धारण करणारा महाराष्ट्रात दुसरा जिल्हा नाही. या नामांतराविषयी ज्याला जे वाटायचे ते वाटो. माझे कुतूहल निराळे आहे. ज्या नावाची पाटी आता वेशीवेशीवर लागली, ते नाव पाळण्यात मात्र इतके विरळ का झाले, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस अस्वस्थ करीत आहे.

मुळापासून पाहू गेल्यास हे नाव फार जुने आहे. संस्कृतात ते ‘अहल्या’ असे लिहितात. मराठी जिभेने मधल्या अक्षरास वेलांटी देऊन ते मऊ केले. रामायणाच्या उत्तरकांडात त्याची एक व्युत्पत्ती ब्रह्मदेवाच्याच मुखी घातलेली आहे: हल म्हणजे कुरूपता, तीपासून झालेले ते हल्य, आणि जिच्या ठायी ते नाही ती अहल्या. दुसऱ्या रीतीने पाहता हल म्हणजे नांगर, आणि नांगर न लागलेली भूमी ती अहल्या. मीमांसक कुमारिलभट्टांनी तिसराच अर्थ लाविला. त्यांच्या मते अहल्या म्हणजे दिवसा लय पावणारी रात्र, आणि तिला जीर्ण करणारा इंद्र म्हणजे सूर्य. कथेतला दोष नाहीसा करण्यासाठी त्यांनी कथाच आकाशात नेऊन ठेविली. रूपवती, कोरी जमीन आणि रात्र, असे तीन अर्थ या एका शब्दाने अंगावर घेतले आहेत. ज्या मुलखात पावसाची वाट पाहण्यात निम्मे आयुष्य जाते, तेथल्या एखाद्या कुणब्यास यांतला दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटेल, असे मला नेहमी वाटते.

परंतु नाव ठेवताना कोणी व्युत्पत्ती पाहत नाही, कथा पाहतात. आणि कथा मोठी बिकट आहे. गौतम ऋषींची पत्नी, इंद्राचे कपट, पतीचा शाप, शिळा होऊन पडणे, आणि रामाच्या चरणस्पर्शाने उद्धार, हा क्रम आपल्या मनात लहानपणापासून पक्का बसलेला असतो. एकनाथांच्या भावार्थरामायणाने व श्रीधरांच्या रामविजयाने रामकथा मराठी घराघरांत पोचविली. कीर्तनकारांनी तिला रंग चढविला. मात्र वाल्मीकींच्या बालकांडात पाहावे, तर तेथे अहल्या शिळा झालेलीच नाही. ती कोणास न दिसता, वायू भक्षण करून, भस्मात पडून तप करीत आहे. राम आश्रमात येतो तेव्हा ती पुन्हा दृष्टीस पडते, आणि त्या वेळी राम-लक्ष्मण हे दोघे बंधूच तिचे पाय धरतात. पुढच्या काळात कवींनी तिची शिळा केली, आणि ज्यांनी तिचे पाय धरले होते त्यांचा पाय तिला लागू लागला. एकाच स्त्रीच्या कथेत वंदन करणारा आणि वंदन घेणारा यांची अदलाबदल कशी होत गेली, हे पाहण्यासारखे आहे. ती अदलाबदल झाली नसती, तर या नावाचे नशीब कदाचित निराळे झाले असते.

तरीसुद्धा हे नाव आपल्याकडे टाकाऊ कधीच नव्हते. प्रातःस्मरणात ज्या पंचकन्यांचे नाव घेतल्याने पातक नाहीसे होते अशी श्रद्धा आहे, त्यांत अहल्येचे स्थान पहिले. पहाटे जात्यावर बसणारी किंवा अंगण सारवणारी बाई हे नाव रोज घेत असे. म्हणजे ते पुण्यकारक होते, पण शुभ मानले जात होते की नाही याविषयी मात्र घरोघरी मतभेद असत. द्रौपदी, तारा, मंदोदरी यांचीही तीच गत. द्रौपदी हे नाव खेड्यापाड्यांत सर्रास; मंदोदरी क्वचित. देवापुढे जे नाव उच्चारायचे ते लेकीस ठेवायचे की नाही, हा निर्णय शास्त्रापेक्षा सासूच्या भीतीने अधिक वेळा झाला असावा.

चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांनी आपल्या मुलीचे नाव अहिल्या ठेविले तेव्हा त्यांनी व त्यांच्या पत्नीने अशी भीती बाळगली नाही, एवढे खरे. त्या वेळी ते एका पाटलाच्या पोरीचे साधे नाव होते. मल्हारराव होळकरांनी त्या चिमुरडीस गावच्या देवळात पाहिले आणि सून म्हणून पसंत केले, असे सांगतात. १७३३ च्या सुमारास खंडेरावांशी लग्न झाले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी मागे फिरविले ही हकीकत सर्वश्रुत आहे. १७६६ साली सासरे गेले, १७६७ साली एकुलता पुत्र मालेराव गेला, आणि मग सुमारे अठ्ठावीस वर्षे नर्मदाकाठच्या महेश्वराहून या बाईंनी माळव्याचा कारभार केला. काशीस विश्वेश्वराचे देऊळ १७८० मध्ये पुन्हा उभे राहिले ते त्यांच्यामुळे. सोमनाथास, गयेस, कितीतरी तीर्थांच्या ठिकाणी देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या त्यांनीच. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रातील पराक्रम व पुण्य यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला त्यांतील दोन गोष्टी नावाच्या दृष्टीने विशेष वाटतात. पहिली ही की राज्य शंकराचे आणि आपण केवळ चालविणाऱ्या, या भावनेने त्यांच्या आज्ञा श्रीशंकराच्या नावाने निघत. ज्या काळी माणसे नावासाठी तलवारी उपसत होती, त्या काळी हातात अधिकार असलेल्या बाईंनी आपले नाव कागदावरून मागे घेतले. दुसरी गोष्ट सर जॉन माल्कम यांनी मध्य हिंदुस्थानाविषयीच्या आपल्या १८२३ च्या ग्रंथात नमूद केली आहे. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, मग आपण इतक्या स्तुतीस पात्र नाही असे सांगून तो नर्मदेत टाकावयास लाविला, आणि ग्रंथकर्त्याची पुढे विचारपूस केली नाही. आमच्या संगमनेरचे शाहीर अनंत फंदी महेश्वरी गेले, तेव्हा लावणी-तमाशाचा नाद सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश त्यांस बाईंकडूनच मिळाला, अशी आख्यायिका आहे. शब्दांचे मोल त्या जाणत होत्या, म्हणूनच स्वतःवर उधळलेले शब्द त्यांस नको होते.

नियतीचा खेळ असा की ज्यांनी नाव मागे घेतले, त्यांचेच नाव राहिले. स्कॉटलंडातील कवयित्री जोआना बेली यांनी माल्कमच्या वर्णनावरून या मराठी बाईंवर इंग्रजीत दीर्घ कविता लिहिली. ती १८४९ साली छापली गेली. आपल्याकडे नल-युधिष्ठिरांस लावलेले ‘पुण्यश्लोक’ हे विशेषण लोकांनी त्यांस लाविले. इंदूरच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे, सोलापूरच्या विद्यापीठास २०१९ साली ते दिले गेले, आणि २०२५ साली जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्यांच्या नावाने तीनशे रुपयांचे नाणे निघाले. एक अहल्या शिळा होऊन कोणाच्या तरी पावलाची वाट पाहत राहिली असे कवी सांगत आले. दुसऱ्या अहिल्येने शिळा घडवून त्यांच्या पायऱ्या केल्या, आणि त्यांवरून लक्षावधी पावले नदीपर्यंत पोचली. नावाचा अर्थ कोशात असतो तितकाच तो धारण करणाऱ्याच्या हातातही असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

असे असता, हे नाव घरोघरी का पसरले नाही? माझ्या मते याचे एक कारण त्या थोरवीतच आहे. शिवाजी हे नाव आपण मुलास निःशंकपणे ठेवतो; जिजा, तारा ही नावेही ठेवतो. पण अहिल्या म्हटले की लगेच ‘बाई’ आणि ‘देवी’ ही पदे आपोआप चिकटतात. रांगणाऱ्या पोरीस, जिच्या नाकास शेंबूड आहे आणि जी पाटीवर पाणी सांडते आहे, तिला हाक मारण्याइतके ते नाव सैल राहिले नाही. आदराने माणसे दूर जातात तशी नावेही दूर जातात. आणि दुसरे कारण म्हणजे ती जुनी कथा. एकीकडे शाप व दुसरीकडे पूजा, अशा दोन भिंतींमध्ये सापडलेले हे नाव खेळण्यास मोकळे अंगण मागत राहिले.

तथापि ते मेले नाही. धनगर समाजात तर ते अभिमानाने चालत राहिले, आणि इतरही घरांत ते अधूनमधून दिसे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत व कामगारांच्या लढ्यांत गाजलेल्या आणि १९७७ साली मुंबईतून लोकसभेवर निवडून गेलेल्या अहिल्याबाई रांगणेकर यांचा जन्म १९२२ साली पुण्याच्या रणदिवे कुटुंबातला. त्या काळच्या सुशिक्षित मध्यमवर्गीय घरास हे नाव परके वाटत नव्हते, हे यावरून दिसते. त्यापुढील पिढीत मात्र ते ओसरले. पुराणांतली नावे जुनाट वाटू लागली. नाव सुटसुटीत हवे, ऐकण्यास गोड हवे, शाळेच्या हजेरीत शोभणारे हवे, असे आयांस वाटू लागले. त्यांत गैर काही नव्हते. स्वतःच्या आवडीचे नाव मुलीस ठेवता येणे हीदेखील त्या आयांना नव्यानेच लाभलेली सत्ता होती.

या ओहोटीचा एक थेंब आमच्या घरीही पडला होता. माझी आजी कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यातली. तिचे माहेरचे नाव अहिल्या होते, हे मला ती गेल्यावर कळले. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती नगरास आली, आणि लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने आजोबांनी जे नाव लिहिले ते लक्ष्मीवाचक, ठसठशीत आणि सासूबाईंनी निवडलेले होते. शापाचे नाव घरात नको, एवढेच कारण. आजीने त्याविषयी कधी तक्रार केलेली कोणास आठवत नाही. मात्र तिचे थोरले भाऊ वर्षातून एकदा दिवाळीस येत, आणि ओसरीवरूनच ‘अहिले’ अशी हाक देत. स्वयंपाकघरात काहीही शिजत असले तरी ते तसेच टाकून ती बाहेर येई, असे आई सांगते. तिला तिच्या नावाने हाक मारणारे जगात ते एकटेच उरले होते. ते भाऊ वारले त्या दिवशी घरच्यांना वाटले की ती भावासाठी रडते आहे. ते खरेच होते. पण आता मला वाटते, त्या दिवशी दोन माणसे गेली होती.

अंगठीने लिहिलेली नावे बोटाने पुसता येतात, कारण तांदूळ हलविले की झाले. कागदावरची नावे इतक्या सहजी पुसली जात नाहीत. म्हणून मला एका निर्णयाचे फार अप्रूप वाटते. ज्या २०२४ च्या मार्चमध्ये जिल्ह्याच्या नव्या नावास संमती मिळाली, त्याच महिन्यात राज्य सरकारने असेही ठरविले की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावाची सरकारी कागदपत्रांत नोंद करताना आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम असावा. जिल्ह्याचे नाव बदलल्याची बातमी पहिल्या पानावर होती. ही दुसरी गोष्ट तिच्या मानाने लवकर विस्मृतीत गेली. परंतु स्त्रीच्या नावाच्या दृष्टीने पाहता, हजार पाट्यांपेक्षा जन्माच्या दाखल्यावरील त्या एका शब्दाचे वजन मला अधिक वाटते. पाटी एकाच अहिल्येचे नाव राखील. दाखला ज्या कोणी आई असतील त्या सर्वांचे राखील.

पाटीचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगते. आमच्या भागातला माणूस या शहरास ‘नगर’ असेच म्हणतो. ‘नगरला चाललो’, ‘नगरहून आलो’, ‘नगरची बाजारपेठ’. अहमदशहाचे नाव पत्त्यावर राहिले, बोलण्यात कधीच आले नाही. नव्या नावाचेही उद्या तेच होण्याचा संभव मोठा आहे. लोकांच्या जिभेस आदर आणि अनादर यांपेक्षा घाईच अधिक असते. सरकार जे नाव देते ते कागदावर बसते. जिभेवर बसायचे तर त्यास दुसऱ्या वाटेने यावे लागते. ती वाट पाळण्यातून, अंगणातून आणि शाळेच्या हजेरीतून येते.

आणि पाळण्याचा विचार आला की एक आकडा मनातून जात नाही. २०११ च्या जनगणनेत या आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ८५२ मुली मोजल्या गेल्या. निसर्गाच्या हिशेबाने त्या सुमारे साडेनऊशे असावयास हव्या होत्या. २०१५ साली मुलींचा जन्म व शिक्षण यांसाठी देशव्यापी योजना सुरू झाली, तेव्हा आरंभी निवडलेल्या शंभर जिल्ह्यांत याचा समावेश करावा लागला, तो याच कारणाने. म्हणजे हजारामागे जवळजवळ शंभर मुली अशा, की ज्यांना कोणतेच नाव मिळाले नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुसा’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली. नको असलेल्या मुलीस निदान ‘नकुसा’ हे तरी नाव मिळाले होते. येथे तेही नाही. नावांच्या लोकप्रियतेविषयी लिहावयास बसले असता हा विषय अप्रस्तुत वाटेल कोणास, पण मला तो टाळता येत नाही. जिल्ह्याने स्त्रीचे नाव घेतले, त्या नावाचा मान पाळण्यांच्या संख्येवरच अखेर मोजला जाणार आहे.

नाव कशाने बदलते याचे आणखी एक उदाहरण याच शहरात सापडते. सावित्री म्हटले की शंभर वर्षांपूर्वी वडाला सूत गुंडाळणाऱ्या बाया डोळ्यांपुढे येत. आज त्या नावाने पहिल्यांदा आठवते ती पाटी-पेन्सिल. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगर येथे मिस फॅरार यांच्या संस्थेत. यमाकडून पतीचे प्राण परत आणणारी सावित्री नाहीशी झाली नाही. तिच्या शेजारी दुसरी येऊन उभी राहिली, आणि नावाला दोन कथा झाल्या. अहिल्येच्या नावालाही आता दोन कथा आहेत. एकच फरक आहे, की तिच्या दुसऱ्या कथेस आपण देव्हाऱ्यात ठेवले, आणि पहिली मात्र अजून स्वयंपाकघरात वावरते.

हे मला उगाच सुचलेले नाही. गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या घरी, म्हणजे भावाच्या मुलाच्या घरी, मुलगी झाली. बाळाची सख्खी आत्या परदेशी असल्यामुळे कानात नाव सांगण्याचा मान माझ्याकडे आला. बारशाच्या आदल्या दिवशी घरात नावांची यादी फिरत होती. बहुतेक नावे दोन अक्षरांची होती आणि त्यांतील निम्म्यांचा अर्थ कोणास सांगता येत नव्हता. सूनबाईंनी शांतपणे सांगितले, “आत्या, मला अहिल्या ठेवायचे आहे.” क्षणभर सगळे गप्प झाले. मग ऐंशी वर्षांचे आमचे काका म्हणाले, “अगं पोरी, नाव थोर आहे, नाही कशाला म्हणू? पण ते शापाचे आहे. उद्या शाळेत कोणी विचारले, तुझ्या नावाची गोष्ट काय, तर काय सांगेल ती?”

“सांगेल दोन्ही गोष्टी,” सूनबाई म्हणाल्या. “पहिल्या गोष्टीत चूक कोणाची होती, ते तिचे तीच ठरवील, आजोबा.”

काकांनी थोडा वेळ आढ्याकडे पाहिले. मला वाटले ते आता रागावणार. पण ते म्हणाले, “माझ्या आईचे नाव हेच होते. माहेरचे.” घरातल्या तरुण मंडळींना ते ठाऊक नव्हते. सूनबाईंनाही नव्हते. तिने ते नाव निवडले होते ते चौंडीस एकदा जाऊन आल्यावर, आपल्या मनाने. आजीचे नाव आमच्या वंशावळीत कोठेही लिहिलेले नव्हते, तिचा भाऊ जाऊन पन्नास वर्षे होऊन गेली होती, आणि तरी ते घर हुडकीत परत आले होते. काकांनी पुढे काही विरोध केला नाही. एवढेच म्हणाले, “मग हाक मात्र पुरी मारा. ‘अहि’, ‘आऊ’ असले काही करू नका.”

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या कानात ते नाव सांगितले. अर्थात एका घरात एक पाळणा हलल्याने एखाद्या नावाची लाट येत नाही. हे नाव पुन्हा सर्वत्र ऐकू येईल की नाही, हे मला सांगता यावयाचे नाही. पुढच्या पिढीस दुसरीच नावे गोड वाटतील आणि तसे होणे योग्यच आहे. माझी इच्छा एवढीच आहे की ज्या नावाचे आपण पुतळे उभारले ते हाक मारण्याच्या अंतरावर राहावे. त्याने कधी चिखलात खेळावे, कधी गणितात नापास व्हावे, कधी आईचा ओरडा खावा. आणि लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात कोणी अंगठी फिरविलीच, तर तेच नाव पुन्हा लिहिले जावे. आमची अहिल्या आता पाऊल टाकू लागली आहे. काका तिला पुऱ्या नावानेच हाक मारतात. ती अजून वळून पाहत नाही. पण हाक संपेपर्यंत थांबते.